पाणक्या म्हणून हिणवलेला कॅप्टन: दिदिए देशाँबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी लिहून गेलो होतो की खेळाडू म्हणूनही वर्ल्डकप जिंकला आणि कोच म्हणूनही जिंकला अशी माणसं आजवर तीनच झाली, ब्राझीलचे मारियो झागालो, जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउर आणि फ्रान्सचा दिदिए देशाँ. झागालो आणि बेकेनबाउर जानेवारी २०२४मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेले, त्यामुळे आता तिघांतला एकटा देशाँ उरलाय. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की म्हटलं या वेळचं सगळं सदरच त्याला देऊया. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: आम्ही कोल्हापूरची माणसं, आमच्याकडे फुटबॉल म्हटलं की एक तर ब्राझील नाहीतर अर्जेंटिना. ९८ची फायनल तालमीत सगळ्यांनी मिळून बघितली आणि ब्राझील हरल्यावर कुणी कुणाशी बोललं नाही. त्या फ्रान्सच्या टीममधला झिदान कळतो, थुराम कळतो, पण कॅप्टन देशाँ नेमकं काय करायचा ते मला आजही सांगता येणार नाही. त्याला कुणीतरी पाणी भरणारा म्हटलं होतं म्हणे, खरं का? (एक वाचक, कोल्हापूर)

खरंय. म्हणणारा एरिक कँटोना, साल १९९६. कँटोना म्हणजे त्या काळातला फ्रान्सचा सगळ्यात मोठा स्टार, आधी टीमचा कॅप्टनही तोच होता, मग जानेवारी १९९५मध्ये इंग्लंडमध्ये मॅच चालू असताना त्याने एका प्रेक्षकाला लाथ मारली, बंदी आली, आणि कोच एमे जाके यांनी त्याच्याशिवायच नवी टीम बांधली ज्यात पुढे कॅप्टनची पट्टी देशाँच्या दंडावर आली. तेव्हा कँटोना त्याला पाणी वाहून नेणारा म्हणाला. फ्रान्समध्ये हा शब्द सायकल शर्यतीतून आलाय, टूर द फ्रान्समध्ये टीमच्या मुख्य रायडरसाठी मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घेऊन पुन्हा जोर लावून पुढे जाणारे साधे रायडर असतात ना, ते. आपल्याकडे यासाठी अगदी नेमका शब्द आहे, पाणक्या. जुन्या लग्नघरात पंगतीत जिलबी कोण वाढतंय याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं, पण पहाटेपासून विहिरीवरून आणून पिंपं कोण भरतंय ते कुणी विचारायचं नाही, आणि पिंप रिकामं झालं की मात्र सगळी पंगत ओरडायची.

देशाँ हेच करायचा. जुन्या भाषेत सांगायचं तर हाफ, डिफेन्सच्या जरा पुढे उभा राहणारा. समोरच्याचा बॉल काढायचा आणि दोन पावलांत झिदानला किंवा ज्योरकाएफला द्यायचा, स्वतः बॉल घेऊन पळायचं नाही, लांबून उगाच किक मारायची नाही. फ्रान्ससाठी १०३ मॅच आणि गोल फक्त ४. पण आता तुम्ही ती फायनल पुन्हा बघा, १२ जुलै १९९८, पॅरिसजवळचं स्टाड द फ्रान्स, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. झिदानच्या डोक्याने हाफटाइमच्या आत दोन गोल झाले होते, ते सोडून द्या, तुम्ही ६८व्या मिनिटाला बघा, मार्सेल देसायीला रेड कार्ड मिळालं आणि फ्रान्स दहा जणांवर आलं, समोर रोनाल्डो, रिवाल्डो, बेबेतो, डेनिल्सन असं सगळं सैन्य. तिथून पुढची वीस-पंचवीस मिनिटं देशाँ काय करतोय फक्त तेवढंच बघा. तो सतत बोलतोय, हाताने याला इकडे ढकल, त्याला मागे ओढ, कोणत्या बाजूला भोक पडणार हे ब्राझीलच्या आधी त्याला दिसतंय आणि तो तिथे जाऊन उभा राहतोय. टॅकल करायची वेळसुद्धा येत नाही कारण पास द्यायला जागाच उरलेली नसते. शेवटी पेतीने तिसरा गोल केला. मला तरी वाटतं की ती मॅच झिदानने जिंकली हे जितकं खरं तितकंच ती देशाँने हरू दिली नाही हेही खरं, आणि तालमीत खेळलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रश्न: हा माणूस मुळात कुठला, आणि कुठल्या कुठल्या क्लबकडून खेळला? (एक वाचक, ठाणे)

जन्म १५ ऑक्टोबर १९६८, बायोन नावाच्या गावात, फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला बास्क मुलूख, स्पेनची हद्द लागूनच. तिकडे रग्बी जास्त चालते, तरी हा फुटबॉलकडे गेला आणि १४व्या वर्षी घर सोडून नाँत क्लबच्या अकादमीत राहायला आला, तिथेच देसायी त्याचा मित्र झाला. १९८५मध्ये सीनियर टीममधून पहिली मॅच. १९८७च्या डिसेंबरमध्ये त्याचा मोठा भाऊ विमान अपघातात गेला, तेव्हा हा १९ वर्षांचा होता. यावर तो फार कमी बोलतो, म्हणून मीही जास्त लिहीत नाही.

मग मार्सेय, मध्ये एक वर्ष बोर्दो, परत मार्सेय, आणि २६ मे १९९३ला म्युनिकमध्ये डिफेंडर बोलीच्या एका हेडरवर एसी मिलानला हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, कॅप्टन देशाँ, वय २४. स्पर्धा आजच्या या नावाने सुरू झाल्यापासूनची ती पहिली ट्रॉफी म्हणून मार्सेयमध्ये तिचा अभिमान आहे, पण त्याच महिन्यातलं लीगच्या एका मॅचमधलं फिक्सिंग बाहेर आलं, त्या वर्षीचं लीग टायटल काढून घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षी क्लबला खालच्या डिव्हिजनमध्ये पाठवलं. देशाँ इटलीत युव्हेंटसला गेला, तिथे तीनदा लीग, १९९६ची चॅम्पियन्स लीग आणि पुढच्या दोन वर्षी त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये हार. मग एक वर्ष चेल्सी, एफए कप, एक वर्ष वॅलेन्सिया, आणि २००१मध्ये ३२व्या वर्षीच बूट खुंटीला टांगले.

पण तुम्हाला देशाँ खरा समजून घ्यायचा असेल तर यातली कुठलीच ट्रॉफी उपयोगाची नाही, त्यासाठी १७ नोव्हेंबर १९९३ची रात्र बघायला हवी. १९९४च्या वर्ल्डकपला जाण्यासाठी फ्रान्सला घरच्या दोन मॅचमधून फक्त एक पॉइंट हवा होता, एक! पहिली इस्रायलशी, ती २-३ हरले. दुसरी पॅरिसमध्ये बल्गेरियाशी, नव्वद मिनिटं होत आली तरी १-१, म्हणजे झालंच होतं काम. फ्रान्सला कोपऱ्यात फ्री किक मिळाली, बॉल जिनोलाकडे आला, तिथेच कॉर्नरच्या झेंड्याशी बॉल पायाखाली धरून ठेवला असता तर शिट्टी वाजली असती. त्याने उंच क्रॉस मारला, तो सगळ्यांच्या पलीकडे गेला, बल्गेरियाने तिथून बॉल उचलला आणि काही सेकंदांत कोस्तादिनोवने क्रॉसबारला लागून गोल टाकला. फ्रान्स बाहेर. देशाँ त्या मॅचमध्ये मैदानावर होता. पुढे कोच म्हणून त्याच्यावर जी टीका झाली, की हा धोका पत्करत नाही, जिंकत असताना आणखी गोल मारायला जात नाही, त्याचं मूळ मला तरी त्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी दिसतं.

प्रश्न: युरो २०००च्या फायनलबद्दल लिहाल का? त्यातले लोक नंतर आमच्याकडे खेळून गेले ना? (एक वाचक, मडगाव)

गेले तर! युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, तिची फायनल, २ जुलै २०००, रॉटरडॅम. इटली १-० पुढे, नव्वद मिनिटांनंतरची इंज्युरी टाइमची मिनिटं संपत आलेली, इटलीचे राखीव खेळाडू बाउंड्रीवर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि विलतोरने बरोबरी केली. मग एक्स्ट्रा टाइममध्ये १०३व्या मिनिटाला पिरेस डावीकडून आत घुसला, बॉल मागे दिला आणि त्रेझेगेने डाव्या पायाने वरच्या जाळीत मारला. गोल्डन गोलचा नियम होता, म्हणजे तिथेच मॅच खलास, कप कॅप्टन देशाँच्या हातात. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याने फ्रान्सकडून खेळणं थांबवलं.

आणि गंमत म्हणजे तो पास देणारा रॉबेर पिरेस २०१४मध्ये तुमच्या एफसी गोवाकडून फातोर्ड्यात खेळला, आणि गोल मारणारा दाविद त्रेझेगे त्याच सीझनला एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत. तेव्हा दोघांचंही वय झालं होतं, पळणं कमी झालं होतं, पण बालेवाडीला स्टँडमध्ये बसून त्रेझेगेला बॉक्समध्ये उभं राहताना बघणं, म्हणजे पाठ डिफेंडरला टेकलेली आणि मान मात्र बॉलकडे, ते मी विसरलेलो नाही.

प्रश्न: बरेच मोठे खेळाडू कोच झाल्यावर फसतात. देशाँला ते कसं जमलं? आधी क्लबला काही केलं होतं की थेट देशाचा कोच झाला? (दोन वाचक, डोंबिवली आणि नाशिक)

थेट नाही, चांगलं अकरा वर्षं घासलंय त्याने. २००१मध्ये खेळ थांबवला आणि त्याच उन्हाळ्यात मोनॅकोचा कोच, मध्ये सुट्टीसुद्धा नाही. पहिल्या वर्षी टीम १५व्या नंबरवर, लोक म्हणाले चुकलं. दुसऱ्या वर्षी दुसरा नंबर आणि लीग कप. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २००३-०४मध्ये, जे झालं ते ज्यांनी बघितलं त्यांच्या डोळ्यांसमोर अजून असेल. चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये देपोर्तिवोला ८-३, त्यात एकट्या प्रशोचे चार. क्वार्टर फायनलला समोर रिआल माद्रिद, झिदान, रोनाल्डो, फिगो, राउल, बेकहॅम, माद्रिदला ४-२ हरले, घरी राउलने पहिला गोल मारला तेव्हा सगळं संपल्यात जमा होतं, आणि तिथून ३-१ जिंकले, दोन मॅच मिळून ५-५, पण समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल मारलेली टीम पुढे जाते या तेव्हाच्या नियमावर पुढे. त्यातला एक हेडर मोरिएंतेसचा, आणि हा मोरिएंतेस कुणाचा? रिआल माद्रिदचाच, त्यांनी नको म्हणून उधार दिलेला! सेमीला चेल्सी. फायनलला मात्र कॅप्टन जुली तेविसाव्या मिनिटाला दुखापतीने बाहेर गेला आणि मोरिन्योच्या पोर्तोने ३-० हरवलं. तारीख बघा, २६ मे २००४, म्युनिकला कप उचलला त्याला बरोब्बर अकरा वर्षं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘देशाँ म्हणजे नुसता डिफेन्स’ असं बोलणाऱ्यांना हा मोनॅको आठवत नाही. जुली, रोतेन, मोरिएंतेस, प्रशो, मागून पळत येणारा तरुण एव्रा, ती टीम गोल खायची पण दुप्पट मारायची. म्हणजे त्याला ते येत नव्हतं असं नाही. हातात जी माणसं आहेत त्यांचं जे जमतं ते तो करतो.

त्यापुढचं युव्हेंटसचं वर्ष मला त्याच्या सगळ्या करिअरमध्ये सगळ्यात जवळचं वाटतं. २००६मध्ये इटलीत रेफ्री ठरवण्यावरून मोठं प्रकरण झालं आणि युव्हेंटसला इतिहासात पहिल्यांदा सेरी बीमध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, ढकललं, वर आधी ३० पॉइंट कापले, मग अपिलात ते १७ आणि शेवटी ९ झाले. अर्धी टीम दुसऱ्या क्लबांना निघून गेली. अशा वेळी देशाँ कोच म्हणून आला. बुफोन, देल पिएरो, नेदवेद, कामोरानेसी, त्रेझेगे थांबले. आता विचार करा, ९ जुलैला बर्लिनमध्ये बुफोन, देल पिएरो आणि कामोरानेसीने वर्ल्डकप जिंकला होता, त्याच फायनलमध्ये त्रेझेगेची पेनल्टी बारला लागून हुकली होती, आणि दोन महिन्यांनी ही सगळी मंडळी एका ड्रेसिंग रूममध्ये बसून रिमिनी नावाच्या समुद्रकाठच्या गावाशी सेरी बीची मॅच खेळायला निघालीत. १-१ झाली ती मॅच. त्या माणसांना रोज सकाळी उठवून, अरे ही पण मॅचच आहे, असं सांगायला पाणी भरलेलाच माणूस लागतो. टीम पहिली आली, वर गेली, आणि वर गेल्या गेल्या क्लबशी पटलं नाही म्हणून देशाँने राजीनामा दिला. पुढच्या वर्षीच्या चांगल्या दिवसांचं ताट वाढलेलं असताना उठला.

मग २००९मध्ये मार्सेय, आणि पहिल्याच वर्षी लीग, तब्बल १८ वर्षांनी, लीग कप सलग तीनदा. जुलै २०१२मध्ये फ्रान्सचा कोच.

प्रश्न: तुम्ही कौतुक करताय ते ठीक, पण एम्बापे, ग्रिझमन, पोग्बा असे हिरे हातात असताना हा माणूस मागे बसून खेळतो, एक गोल झाला की दार लावून घेतो. असा फुटबॉल बघायला पैसे कोण देणार? (एक वाचक, नागपूर)

तुमचा राग समजतो, निम्मं तुमचं बरोबर आहे, आणि जे बरोबर आहे ते शेवटी सांगतो.

त्याने टीम घेतली तेव्हाची अवस्था आठवा. २०१०च्या वर्ल्डकपला दक्षिण आफ्रिकेत अनेल्काला घरी पाठवलं म्हणून खेळाडूंनी प्रॅक्टिसवर बहिष्कार टाकला होता, बसमधून उतरायलाच तयार नाहीत, सगळं जग टीव्हीवर बघतंय. (हाच अनेल्का पुढे मुंबई सिटीकडून खेळला आणि २०१५मध्ये त्यांचा कोचही होता.) फ्रान्समध्ये लोकांना स्वतःच्या टीमची लाज वाटत होती. नोव्हेंबर २०१३मध्ये २०१४च्या वर्ल्डकपसाठीच्या प्लेऑफमध्ये कीव्हला युक्रेनकडून ०-२ हरले तेव्हा तर वाटलं पुन्हा ९३ होतंय. चार दिवसांनी पॅरिसला ३-० जिंकले, साखोचे दोन गोल, तो तर डिफेंडर. त्या रात्री स्टेडियम आणि टीम कितीतरी वर्षांनी एकत्र ओरडली. २०१६च्या घरच्या युरोची फायनल पोर्तुगालच्या एदेरच्या १०९व्या मिनिटाच्या गोलने गेली, तो घाव मोठा होता.

आता २०१८, रशिया. पहिली मॅच ऑस्ट्रेलियाशी, आणि तुम्हाला हवी तशीच टीम काढली होती त्याने, एम्बापे, ग्रिझमन, डेंबेले, तिघेही चपळ, पुढे मोकळे. कशीबशी २-१ जिंकले. पुढच्याच मॅचला डेंबेले बाहेर, उंचापुरा जिरू आत, आणि डाव्या विंगवर ब्लेझ मातुइदी, जो विंगर नाहीच, मिडफिल्डमध्ये ढोर मेहनत करणारा माणूस. कशासाठी? कारण मातुइदी डावीकडची दोन माणसांची कामं करणार, म्हणून उजवीकडे एम्बापेला मागे पळत यायची गरज नाही. जिरूने सबंध स्पर्धेत एकही गोल मारला नाही, जग हसलं, पण तो दोन दोन डिफेंडर अंगावर घेऊन उभा राहायचा आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत ग्रिझमन फिरायचा. कझानला अर्जेंटिनाशी ४-३ झाली ती मॅच लोक एम्बापेच्या पळण्यासाठी आठवतात, बरोबर आहे, पण त्या मॅचमध्ये मेस्सीच्या आसपास कांते कसा सावलीसारखा होता ते पुन्हा बघा. म्हणजे देशाँने काय केलं, स्वतःसारखे तीन-चार पाणके टीममध्ये पेरले आणि एका पोराला सांगितलं, तू फक्त पळ.

आणि फायनल, १५ जुलै २०१८, मॉस्को. फ्रान्स २-१ पुढे, कांतेला आधीच यलो कार्ड, क्रोएशिया त्याला भारी पडतेय. ५५व्या मिनिटाला देशाँने कांतेला बाहेर काढलं. कांतेला! त्या टीममधला सगळ्यांचा लाडका, आणि देशाँची स्वतःची जागा खेळणारा माणूस. त्याच्या जागी एनझोन्झी आला आणि पुढच्या दहा मिनिटांत पोग्बा आणि एम्बापेचे गोल, ४-१. लोरिसच्या चुकीने एक गेला, ४-२. कप. पुढे पत्रकार परिषदेत खेळाडूंनी घुसून टेबलावर नाचत कोचला भिजवलं ते सगळ्यांनी बघितलं असेलच.

आता तुमचं बरोबर असलेलं निम्मं. २८ जून २०२१, युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने आधी कधी नीट न वापरलेली तीन डिफेंडरची रचना लावली, ती हाफटाइमला मोडावी लागली, मग ३-१ पुढे जाऊनही शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि पेनल्टीवर घरी. दार लावून घेणाऱ्या माणसाचं दार उघडं राहिलं त्या रात्री. आणि युरो २०२४मध्ये सेमीपर्यंत फ्रान्सने चालत्या खेळात स्वतःचा एकही गोल मारला नव्हता, पेनल्टी आणि समोरच्यांचे स्वतःच्या जाळीतले गोल एवढ्यावर गाडी आली होती, ते बघणं मलाही जड गेलं. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न: बेंझेमाला साडेपाच वर्षं बाहेर ठेवलं ते योग्य होतं का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

२०१५मध्ये टीममधल्याच वाल्बुएनाला एका खासगी व्हिडिओवरून ब्लॅकमेल केल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि त्यात बेंझेमाचं नाव होतं. मग फेडरेशनने त्याला थांबवलं, २०१६च्या युरोला तो नव्हता, त्यावर तो म्हणाला की कोच देशातल्या वर्णद्वेषी लोकांच्या दबावाला झुकला, आणि फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या देशाँच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी ‘वर्णद्वेषी’ असं रंगवलं. घरापर्यंत आलेली ही गोष्ट त्याला खूप लागली, हे त्याने लपवलं नाही. तरीही मे २०२१मध्ये त्याने स्वतःच बेंझेमाला परत बोलावलं. पुढे नोव्हेंबर २०२१मध्ये त्या प्रकरणात कोर्टाने बेंझेमाला दोषी ठरवलं. माझं मत विचाराल तर बाहेर ठेवणं बरोबर होतं, कारण ज्याच्यावर अन्याय झाला तो वाल्बुएनाही त्याच ड्रेसिंग रूमचा होता, आणि परत बोलावणंही बरोबर, पण ते दोन वर्षं आधी व्हायला हवं होतं.

प्रश्न: २०२२च्या फायनलला हाफटाइमच्याही आधी दोन खेळाडू बदलले, तो घाबरला होता का? आणि आता पुढे काय? (एक वाचक, पुणे)

घाबरलेला कोच हाफटाइमची वाट बघतो हो! तेव्हा आत नेऊन शांतपणे बदलता येतं, कुणाचा अपमान होत नाही. १८ डिसेंबर २०२२, लुसैल, अर्जेंटिना २-० पुढे, फ्रान्सला बॉल शिवायला मिळेना, स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच पोग्बा, कांते, बेंझेमा दुखापतीने गेलेले, त्यामुळे मिडफिल्डमधली मेहनत ग्रिझमनच्या गळ्यात घातलेली. ४१व्या मिनिटाला त्याने जिरू आणि डेंबेलेला बोलावलं. जिरू तेव्हा फ्रान्सचा सगळ्यात जास्त गोल मारलेला खेळाडू होता, बाहेर येऊन त्याने बाटली फेकली. आत गेले मार्कुस थुराम आणि कोलो मुआनी. हा मार्कुस म्हणजे लिलियन थुरामचा मुलगा, ९८ला देशाँच्या मागे डिफेन्समध्ये उभा असलेल्या थुरामचा. आणि कोलो मुआनी नाँतच्या त्याच अकादमीत घडलेला, जिथे देशाँ १४व्या वर्षी बॅग घेऊन आला होता. ७१व्या मिनिटाला तर ग्रिझमनलाही काढलं. आणि मग ८०व्या मिनिटाला कोलो मुआनीला पाडल्यामुळे पेनल्टी, एम्बापे, ८१व्या मिनिटाला मार्कुस थुरामच्या पासवर एम्बापेची ती व्हॉली. म्हणजे दोन्ही गोलांत ती ४१व्या मिनिटाची पोरं होती. पुढे ३-३, एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी कोलो मुआनी एकटा गोलकीपरसमोर आणि मार्टिनेझचा डावा पाय आडवा आला, तो पाय नसता तर देशाँ कोच म्हणून सलग दोन वर्ल्डकप जिंकला असता. पेनल्टीवर हरले.

पहिली ऐंशी मिनिटं फ्रान्स इतकं निर्जीव का होतं याची जबाबदारी त्याचीच, त्यात सूट नाही. पण ४१व्या मिनिटाचा तो बोर्ड मला धाडसाचा वाटतो.

पुढचं म्हणजे जानेवारी २०२५मध्येच त्याने स्वतः जाहीर केलं की २०२६चा वर्ल्डकप हा फ्रान्सचा कोच म्हणून आपला शेवटचा.

प्रश्न: काका, मी आठवीत आहे. शाळेच्या टीममध्ये सर मला मध्ये मागे खेळवतात आणि म्हणतात तू फक्त बॉल काढून पुढे दे. मला फॉरवर्ड खेळायचंय. गोल मारणाऱ्याचंच नाव बोर्डावर लिहितात. सरांना कसं सांगू? (एक विद्यार्थी, सांगली)

अरे, तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. सरांना सांग, नक्की सांग, फॉरवर्ड खेळायची इच्छा असणं यात चुकीचं काही नाही आणि प्रॅक्टिसला एखाद दिवस तिथे खेळवा असं मागून बघ. पण तोवर तुझ्या आत्ताच्या जागेवर एक गोष्ट करून बघ. बॉल तुझ्याकडे यायच्या आधी, म्हणजे समोरचा पास देण्यासाठी पाय उचलतो तेव्हाच, मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मागे कोण उभा आहे, आपला कोण मोकळा आहे, हे बॉल येण्याआधी माहीत पाहिजे. आणि बॉल घेताना छाती सरळ समोर ठेवायची नाही, अंग अर्धं वळलेलं ठेवायचं, म्हणजे एका टचमध्ये पुढे बघता येतं. बहुतेक पोरं बॉल पायात आल्यावर मान वर करतात, तोपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस तुझी मान दुखेल, बॉल एकदोनदा निसटेल, चालू दे.

मॅचमध्ये तुला बाहेरून कुणी टाळ्या वाजवणार नाही हे खरं आहे, ते मी तुला खोटं सांगणार नाही. पण तुझा फॉरवर्ड मित्र आहे ना, ज्याचं नाव बोर्डावर लिहितात, त्याला एकदा विचार की बॉल त्याच्याकडे कुठून येतो. आणि या वर्षीचा कॅप्टन अजून ठरला नसेल तर तेही सरांना विचारून ठेव.